पितृपक्षातला बर्फ

न्यूझीलंडातल्या आमच्या हिल्सबरोच्या घरात फोन वाजला की तो मी उचलायचा, असा नियम होता. आई हॉस्पिटलात नर्स होती. नाइट करून आली की दुपारपर्यंत झोपलेली असायची. आणि बाबांचं इंग्रजी फोनवर समोरच्याला कळत नसे. तसे बाबा चांगलं इंग्रजी बोलत. पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्सचा अख्खा विभाग त्यांच्या हाताखाली होता, आणि परदेशी पाहुणे आले की साहेब त्यांनाच पुढं करत. पण इथली माणसं "पार्डन?" म्हणत, बाबा तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणत, समोरचा पुन्हा "पार्डन?" म्हणे, आणि बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. माझी जीभ मात्र वर्षभरात वळली. त्यामुळे चौदाव्या वर्षी मी बाबांचा आवाज झाले. त्यांच्या नोकरीच्या अर्जांची चौकशी मीच करायचे. "माय डॅड्स इन द शॉवर" असं मी सांगत असे तेव्हा डॅड माझ्या शेजारीच खुर्चीत बसलेले असत, पँटच्या शिवणीवरून बोट फिरवत. उत्तर ठरलेलं असे, की इथला अनुभव नाही. मी फोन ठेवून म्हणायचे, "बाबा, कळवतो म्हणाले." खोटं बोलायला मी तिथं शिकले, आणि कोणी मला कधी रागावलं नाही, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं होतं.

शेवटी बाबांना पापाकुऱ्याच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचं काम मिळालं. ते त्यांनी घेतलं आणि त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं आपोआप ठरलं. मराठी मंडळातल्या लोकांना ते "लॉजिस्टिक्समध्ये आहे" असं सांगत. आई सांगत नसे आणि खोडूनही काढत नसे. संध्याकाळी बाबा घरी आले की आधी मोरीत, म्हणजे इथल्या लाँड्रीत, कोपरापर्यंत हात धूत. कुकरच्या शिट्ट्या चालू असत, आई युनिफॉर्मवर इस्त्री फिरवत असे, आणि बाबा हात धुतच राहत. गोदामातल्या कामानं हात काही फार मळत नसत. मला वाटतं, मळत नसत हेच त्यांचं दुःख होतं.

अशा माणसाच्या दृष्टीला ती गाडी पडली. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही बर्फ बघायला निघालो होतो. ओहाकुनेच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, रस्त्यालगत एका फार्मवर गाजरांची पोती विकायला ठेवली होती. आई गाजरं घ्यायला उतरली आणि बाबा पाय मोकळे करायला म्हणून शेडकडं गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर ते एका केशरी पत्र्याच्या डब्यापुढं हात मागं बांधून उभे होते, देवळात उभं राहतात तसे. रणगाड्याला असतात तसे दोन्ही बाजूंना पट्टे, वर बसक्या खोलीएवढी केबिन, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसलेली. मागून गमबुटांचा आवाज आला आणि एक उंच, वाकलेला म्हातारा इथला नमस्कार करत म्हणाला, "किया ओरा. तिला उठवू नका हं, ती चिडकी आहे."

तो रॉस. त्या बर्फगाडीतून त्यानं वीस हिवाळे वरच्या स्कीच्या झोपड्यांना पाव-दूध-केरोसीन पोचवलं होतं आणि पाय मोडलेली माणसं खाली आणली होती. गाडी बंद पडून किती वर्षं झाली ते त्यालाही सांगता येईना. त्याची बायको मॅरियन चीज घातलेले गरम स्कोन घेऊन आली, आई आणि ती बाकावर बसून गुडघेदुखीबद्दल बोलल्या, आणि इकडं बाबा कोट काढून त्या गाडीच्या पोटात शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांचे हात काळे होते आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी पिंपरीनंतर पाहिलं नव्हतं. "विचार त्यांना," ते मला म्हणाले, "देणार का म्हणून." रॉसनं नाममात्र काहीतरी सांगितलं आणि एक अट घातली. गाडी चालू झाली की बर्फावरची पहिली फेरी त्याला घेऊन मारायची. "एकदाच," तो म्हणाला. "मग ती तुमची. न्या, नाचवा, काय वाटेल ते करा." मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी पुढं होऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडं न बघता स्वतःच्या इंग्रजीत म्हणाले, "आय प्रॉमिस." रॉस "पार्डन?" म्हणाला नाही. मॅरियननं आमचा फोटो काढला. मी आणि रॉस गाडीपुढं, त्याचा हात माझ्या खांद्यावर. बाबांनी फोटोत यायचं टाळलं, हात काळे आहेत म्हणाले.

पुढची तीन वर्षं ती गाडी आमच्या गॅरेजमध्ये होती आणि आमची स्वतःची गाडी पावसात. त्या तीन वर्षांबद्दल मला खरं तर वाईट बोलता येत नाही, आणि म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं. बाबा मला कामाला घेत. मुलगी म्हणून वेगळं काही नाही. इंजिन आखडून बसलं होतं. सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून आम्ही पंधरा दिवस वाट बघितली आणि रोज शाळेतून आल्यावर मी लांब पान्यानं फिरवून बघायचे. ज्या दिवशी ते केसभर हललं त्या दिवशी बाबांनी आईला झोपेतून उठवून दाखवायला आणलं. आई गाऊनवर स्वेटर घालून उभी राहिली, "हललं का? बरं झालं," म्हणाली आणि परत झोपायला गेली. पट्ट्यांवरच्या आडव्या पोलादी पट्ट्या किती आणि त्यांचे बोल्ट किती, ते मला अजून स्वप्नात मोजता येतील. प्रत्येक बोल्ट रॉकेलच्या डब्यात धुवायचा, तेल लावायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि त्यावर मराठी आकडा घालायचा. "लोखंडाला गंजू द्यायचं नाही," बाबा म्हणायचे, "बाकी सगळं दुरुस्त होतं." गाडीला चाक नव्हतं, दोन दांडे होते. डावा ओढला की आतला ब्रेक-बँड, म्हणजे अस्तर लावलेली गोल वळवलेली पोलादी पट्टी, डावीकडच्या पट्ट्याला आवळून धरायचा आणि गाडी डावीकडं वळायची. उजवा ओढला की उजवीकडं. ते बँड बसवायला बाबांचा हात आत जात नसे, माझा जायचा.

रॉस महिन्यातून एखाद्या रविवारी फोन करी. तो उचलायचेही मीच. "काय मेडा," तो म्हणे, कारण मेधा त्याला जमत नसे, "माझी म्हातारी काय म्हणतेय?" मग मी त्याला सगळं सांगे आणि तो मधून मधून "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणत राही. कोणी त्या बाजूनं येणार असलं की तो गाजरांचं पोतं पाठवी. आमच्याकडं गाजराची कोशिंबीर, गाजराचं लोणचं, गाजराचा हलवा, आमटीत गाजर. आई म्हणायची, "बर्फावर ही गाडी कधी चालणार ते देव जाणे, पण गाजर संपायच्या आत चालू दे." तिसऱ्या हिवाळ्यात त्याचा आवाज बारीक झाला. बोलताना तो थांबून श्वास घ्यायला लागला. हृदयाचं काहीतरी आहे, मॅरियन उगाच घाबरते, असं त्यानं सांगितलं, आणि मग सहज म्हणावं तसं, "यंदाचा बर्फ चांगला आहे, मेडा. पुढच्या वर्षीचं मी काही कबूल करत नाही."

गाडी तोवर तयार होती. हे नीट सांगायला हवं. ऑगस्टमध्येच ती तयार होती. दर रविवारी बाबा ती चालू करून ड्राइव्हवेवर दहा फूट पुढं आणि दहा फूट मागं घेत. एकदा त्यांनी मलाही दांड्यांवर बसवलं होतं. डावा ओढला, वळली. उजवा ओढला, वळली. मी म्हटलं, "बाबा, झालं की. जाऊ या." ते म्हणाले, "पी हळद नि हो गोरी असं नसतं ते. गिअरबॉक्स अजून एकदा उघडून बघू." उघडून बघितला. काही नव्हतं. मग रेडिएटर उघडला. मग पुन्हा गिअरबॉक्स.

तेव्हा मला त्यांचा नुसता राग यायचा. आता पन्नाशी कधीच उलटल्यावर मला दिसतं की त्यांना भीती वाटत होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस होता तो. डोंगरावर, त्या म्हाताऱ्यासमोर आणि त्याच्या ओळखीच्या चार गोऱ्यांसमोर गाडी बंद पडली असती, तर ते कायमचे फोर्कलिफ्टवाले झाले असते. ड्राइव्हवेवर दहा फुटांत ते अजून इंजिनिअर होते. हे मला समजतं. समजलं म्हणजे माफ केलं असं नसतं, निदान माझ्याकडं नसतं.

सप्टेंबरात रॉसचा फोन आला. त्यानं वरच्या स्की क्लबच्या जुन्या वाटेवर गाडी न्यायची परवानगी काढली होती, ट्रेलरवाला ठरवला होता, वर कमरेएवढा बर्फ होता. "शनिवारी येता का?" मी रिसीव्हरवर हात ठेवून बाबांना विचारलं. ते जेवत होते. त्यांनी घास गिळला, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं पाहिलं आणि म्हणाले, "शनिवारी कसं? पितृपक्ष लागतोय. दसऱ्याला काढू, मंडळाच्या लोकांनाही बोलावलंय. पूजा करून, रीतसर."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात. इथं भाद्रपद धावून आला. आई पोळी भाजत होती, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "आपली रोजची गाडी घेतलीत तेव्हा कुठला पंधरवडा होता?" ती म्हणाली. "मी नको नको म्हणत होते. तेव्हा म्हणालात, न्यूझीलंडात कावळे नाहीत म्हणजे पितरं पण नाहीत."

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला. आईचं खरं होतं. घरात पितृपक्ष पाळायची ती एकटी. आजोबांच्या तिथीला ती खीर-वडे करून पान वाढायची आणि मागच्या कुंपणाच्या फळीवर ठेवायची. या देशात कावळे नाहीत, त्यामुळे साळुंक्यांवर भागवावं लागे, आणि साळुंक्या आधी वडा पळवत. बाबा दर वर्षी त्यावरून तिची थट्टा करत. तोच माणूस आता कालनिर्णय दाखवत होता.

"मग तसं सांगू का त्यांना?" मी विचारलं. रॉस तिकडं शांतपणे श्वास घेत होता, मला ऐकू येत होतं.

"त्यांना काय कळणार त्यातलं? सांग, एक पार्ट यायचाय."

मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. शाळेत एकदा मैत्रिणीला मी सांगितलं होतं की आई मेलेल्या आजोबांसाठी कुंपणावर जेवण ठेवते. ती नाक मुरडून "ग्रोस" म्हणाली आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटली. त्यामुळे पितर, पंधरवडा, पान, हे सगळं रॉसला इंग्रजीत सांगण्यापेक्षा पार्ट बरा होता. मी हात काढला आणि म्हणाले, "सॉरी रॉस, एक पार्ट यायचाय अमेरिकेहून. तीन-चार आठवडे लागतील." इथं मी थांबायला हवं होतं. बाबांनी एवढंच सांगितलं होतं. पण कसलेलं खोटं नुसतं राहत नाही, त्याला तपशील लागतो. रॉसनं विचारलं, "कुठला गं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "डावा ब्रेक-बँड."

तो म्हणाला, "डावा? थांब हं. माझ्याकडं एक असायला हवा. जुन्या शेडमध्ये कुठंतरी आहे. बघतो." मी म्हटलं, नको, अहो, येईल तो. "नो वरीज," तो म्हणाला, "तसंही मला दुसरं काय काम आहे?"

मी बाबांना सांगितलं की तो पार्ट शोधणार आहे. बाबांनी ताक प्यायलं आणि म्हणाले, "शोधू दे, त्याला कुठं सापडतोय." त्या वाक्यावर मी शांत झोपले. दुसऱ्या दिवशी फोन करून "खोटं बोलले" म्हणायला एक मिनिट लागलं असतं, नंबर मला पाठ होता. आईनं एकदा विचारलं, "सांगितलंस का त्याला खरं?" मी म्हटलं, "हो." म्हणजे तिथंही तेच.

आठवड्यानं पार्सल आलं. गमबुटांचा खोका होता, दोरीनं बांधलेला. आत तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्रेक-बँड, स्वच्छ पुसलेला, अस्तर जवळजवळ नवं. सोबत बिलाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी: "मेडा, सापडला. डावाच आहे, तपासलाय. घाई नको, पण बर्फ कोणासाठी थांबत नाही. रॉस." मी तो खोका घेऊन गॅरेजमध्ये गेले. बाबांनी बँड हातात घेतला, उजेडात फिरवला, अस्तरावरून अंगठा फिरवला. चांगली वस्तू हातात आली की त्यांना राहवत नसे. "आपल्यापेक्षा चांगला आहे," ते म्हणाले.

"बाबा, आता तरी जाऊ या ना. या शनिवारी येतो म्हणून सांगू?"

त्यांनी बँड पुन्हा कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि खोका वरच्या फळीवर सरकवला. "अमावस्या होऊ दे," ते म्हणाले. मी भांडले नाही. मी सतरा वर्षांची होते, गाडी ट्रेलरवर चढवता मला येत नव्हती हे खरं, पण तोंड मला होतं, आणि ते मी सगळ्या जगासमोर वापरत होते. फक्त त्यांच्यासमोर नाही.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी फोन वाजला. आई वडे तळत होती, घरभर तळणाचा वास होता. मॅरियन होती. तिनं आधी मी कशी आहे, अभ्यास कसा चाललाय ते विचारलं, मग रॉस गेल्याचं सांगितलं. तीन दिवस तो त्या जुन्या शेडमध्ये शोधत होता, छपरातून पाऊस गळत होता, ती ओरडत होती तरी ऐकेना. पार्सल पोस्टात टाकून आला आणि त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, कशानंही झालं असतं. "तू वाईट वाटून घेऊ नकोस गं," मॅरियन मला म्हणाली. "किती तरी दिवसांनी त्याला काम मिळालं होतं. सापडला तेव्हा शिट्टी वाजवत घरात आला." ती हे माझं समाधान व्हावं म्हणून सांगत होती. मला आयुष्यात कोणी इतक्या प्रेमानं इतकं मारलेलं नाही.

बाबा गाडीखाली होते. मी त्यांच्या पायांपाशी उभी राहून सांगितलं. पान्याचा आवाज थांबला. ते सरपटत बाहेर आले, लाँड्रीत गेले आणि हात धुवायला लागले. पाणी किती वेळ वाहत होतं. मी दारात उभी होते. नळ बंद करून, टॉवेलकडं बघत त्यांनी विचारलं, "ती पार्टबद्दल काही म्हणाली का?"

मी म्हणाले, "थँक यू म्हणाली." ते खोटं मी मुद्दाम बोलले, त्यांना लागावं म्हणून. लागलं की नाही कळलं नाही. अंत्यविधीला आम्ही गेलो नाही. रजा मिळणार नाही, असं बाबा म्हणाले. फुलं पाठवायला सांगितली, ती फोनवर मीच पाठवली, तिघांच्या नावानं. आईनं मात्र अमावास्येच्या त्या दुपारी कुंपणावर सासर-माहेरच्या नेहमीच्या दोन पानांऐवजी तीन पानं ठेवली. तिसऱ्यावर वडा, खीर आणि गाजराची कोशिंबीर. मला बोलावलं नाही, काही सांगितलंही नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. साळुंक्यांनी वडा नेला, कोशिंबिरीला तोंड लावलं नाही.

दसऱ्याला मंडळाची वीसेक माणसं आली. ऑक्टोबरात इथं झेंडू नसतो, म्हणून गाडीला प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ घातली होती. केशरी गाडीवर केशरी माळ, पत्रा नवा कोरा चमकत होता. बायका "किती गोड गाडी" म्हणत होत्या, पुरुष वाकून पट्टे बघत होते, आमच्या वयाची पोरं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत आत-बाहेर करत होती आणि "कॅन वी हॅव अ गो?" विचारत होती. बाबा झब्बा घालून उभे होते. पिंपरीला खंडेनवमीला मशिनं धुऊन पुसून कशी ओळीनं पूजत, एकही मशिन पूजा झाल्याशिवाय चालू करत नसत, हे ते सांगत होते, आणि लोक माना हलवत होते. डॅशबोर्डवर रॉसचा फोटो होता. फ्रेम करून, हार घालून, वर कुंकवाचं बोट. तोच फोटो, मॅरियननं काढलेला, पण त्यातून मला कापून काढलं होतं. रॉस एकटाच हसत होता आणि त्याचा हात चौकटीच्या कडेपाशी कशावर तरी टेकलेला होता. "आमचे फार जुने स्नेही," बाबा कोणाला तरी सांगत होते. "त्यांची इच्छा होती ही गाडी पुन्हा चालावी." एक काकू म्हणाल्या, "किती केलंत हो तुम्ही परक्या माणसासाठी." बाबांनी नम्रपणे मान खाली घातली.

पूजा झाली. नारळ फोडायच्या आधी गाडी हलवून दाखवायची असं ठरलं होतं. बाबांनी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं आणि मला हाक मारली. "आमच्या मेधानं निम्मं काम केलंय बरं का. चल बाळ, तू चालव." त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही मान्य आहे. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी केबिनमध्ये चढले, सीटवर बसले. समोर रॉस. दोन्ही दांडे माझ्याच हातांनी घासून चकचकीत केलेले. तीन वर्षं मला दुसरं काही नको होतं.

मी किल्ली मांडीवर ठेवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि फोनवर लावायचे तो आवाज लावला. "सॉरी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चालवता येणार नाही. एक पार्ट यायचाय. डावा ब्रेक-बँड."

वीस माणसांत फक्त दोघांना ते कळलं. आईनं हातातलं ताम्हन खाली ठेवलं. बाबा माझ्याकडं पाहत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता बोलतील. सगळ्यांसमोर ओरडतील, किंवा सांगून टाकतील. ते वळले, पाहुण्यांकडं बघून हसले आणि म्हणाले, "हो, ते राहिलंच सांगायचं. अमेरिकेहून यायचाय. पुढच्या सीझनला नक्की." मग त्यांनी दगडावर नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. मलाही दिलं. मी खाल्लं.

पुढचा सीझन झाला नाही. मी शिकायला वेलिंग्टनला गेले आणि तिथल्याच एका सरकारी कचेरीत आयुष्यभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या, त्या कामाला माझ्याइतकी तयार बाई त्यांना मिळाली नसती. बाबांशी दर रविवारी बोलायचे, हवामानाबद्दल. गाडीबद्दल कोणी विचारलं की ते एक पार्ट राहिलाय म्हणत. चाळीसेक वर्षं म्हणत राहिले, आणि लोक हसायला लागले तरी म्हणत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले. गॅरेज आवरायला मी गेले तर ताडपत्रीखाली गाडी तशीच होती, रबर कुजलेलं, पत्रा फुगलेला. त्यांनी तिला नंतर हात लावलेला दिसत नव्हता.

वरच्या फळीवर गमबुटांचा खोका होता. मी उघडला. आत कागदावर कागद, कांद्याचे पापुद्रे असावेत तसे, आतले पिवळे, बाहेरचे पांढरे. मी एकेक काढत गेले. सगळी वर्तमानपत्रं सप्टेंबरची होती. अगदी बाहेरचं मागच्या वर्षीचं. आत बँडवर डाग नव्हता, आणि बोटांना तेल लागलं.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून आहे. इतकी वर्षं दर पितृपक्षात हा माणूस त्या फळीपर्यंत हात पोचवत होता, आणि रविवारी मला विचारत होता की वेलिंग्टनला वारा आहे का. एका शब्दानं सांगितलं असतं तर मीही काही सांगितलं असतं. पण सांगायचं कोणी, आमच्याकडं फोनवर बोलायचं काम माझ्याकडं होतं.

गाडी भंगारवाला घेऊन गेला. खोका मी वेलिंग्टनला आणला आहे. यंदा पितृपक्षात तेल मी लावलं.